हक्क 'सोडताना' हात का अडला?

प्रश्न : ताई, माझं वय ५३. माहेर सांगोला तालुक्यात, सासर चिंचवडला. लग्न १९९१चं. वडील २०११ साली गेले, आई गेल्या वर्षी. सहा एकर वडिलोपार्जित जमीन आहे, त्यात डाळिंब. सातबारावर दोन भाऊ आणि मी. दोघंही माझ्याहून लहान. धाकट्याला बँकेचं कर्ज काढायचंय म्हणून ते हक्कसोड मागताहेत. मधला म्हणाला, "ताई, तुझं लग्न चौऱ्याण्णवच्या आधीचं, तसाही तुझा हक्क बसत नाही. आणि तुला माहेर हवंय की तुकडा?" मला काही शेती करायची नाही. सही करायचीच असं ठरवून गेले होते. पण पेन हातात घेतलं आणि हात अडला. डोकं दुखतंय सांगून परत आले. मी लोभी आहे का?

उत्तर : आधी ते चौऱ्याण्णवचं मिटवू. महाराष्ट्राने १९९४ साली मुलींना वडिलोपार्जित मिळकतीत मुलांच्या बरोबरीने घेतलं, पण २२ जून १९९४च्या आधी लग्न झालेल्यांना वगळलं. तुमचा भाऊ तिथेच थांबलाय. केंद्राने २००५ साली हिंदू वारसा कायद्यात केलेल्या दुरुस्तीत लग्नाची ती अट नाही. ११ ऑगस्ट २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाने विनीता शर्मा खटल्यात सांगितलं की मुलीचा हा हक्क जन्मानेच आहे, आणि ही दुरुस्ती लागू झाली त्या दिवशी, ९ सप्टेंबर २००५ला, वडील हयात असायलाच हवेत असंही नाही. २० डिसेंबर २००४च्या आधी रीतसर वाटप झालं असतं तर गोष्ट वेगळी होती. तुमच्याकडे ते झालेलं दिसत नाही. म्हणजे सहातले दोन एकर तुमचे.

आता हाताचं. दुय्यम निबंधक कार्यालयात माझी ३१ वर्षं गेली. आधी लिपिक होते, शेवटची ९ वर्षं खुर्चीवर. हक्कसोडाची गर्दी कधी व्हायची सांगू? राखीपौर्णिमेनंतरचा आठवडा आणि भाऊबीजेनंतरचा. बहिणी माहेरी आलेल्याच असायच्या. एका जीपमधून चौघी उतरायच्या, अंगावर नव्या साड्या, एकीच्या पदराला अजून किमतीची चिठ्ठी. आम्हाला विचारावं लागतं, दस्त कबूल आहे ना? 'हो' म्हणायच्या, अंगठा, फोटो, झालं. कधी मी विचारायची, "बाई, कशावर सही केलीत?" उत्तर ठरलेलं असायचं. "माहेर राखलं."

दोन एकर दिले, असं एकीच्याही तोंडून मी ऐकलं नाही.

हा 'सोड' शब्द फार बेरकी आहे. सोडायला कष्ट पडत नाहीत, मूठ उघडली की झालं. शिवाय त्यात पुण्याचा वास आहे. आपण उपास सोडतो, दान देताना हातावर पाणी सोडतो, आणि हक्कावर पाणी सोडणं हा वाक्प्रचार तिथूनच आलाय. तेच जर बक्षीसपत्र असेल, तर अगदी अडाणी बाईसुद्धा पहिल्यांदा विचारते, "किमतीला काय आहे ओ ही जागा?" (दोन्ही दस्त कायद्याने वेगळे आहेत, मान्य. मी नावाबद्दल बोलतेय.)

खुर्चीवर आल्यावर मी एक सवय लावून घेतली. कबुली घेताना म्हणायची, "तुम्ही तुमची अमुक इतकी जमीन भावाला फुकट देताय, बरोबर?" भाऊ चिडायचे. एकाने माझी तक्रारही केली. बहुतेकींनी तरी सही केलीच. पण एखादी पेन खाली ठेवायची आणि म्हणायची, "किती म्हणालात?"

माझी भाची मानसशास्त्र शिकवते. तिने एक प्रयोग सांगितला. २०११ साली स्टॅनफर्डमध्ये पॉल थिबोडो आणि लेरा बोरोडिट्स्की यांनी लोकांना एका शहरातल्या वाढत्या गुन्हेगारीचा उतारा वाचायला दिला. आकडे सगळ्यांना तेच. काहींच्या उताऱ्यात गुन्हेगारी हे शहरावर झडप घालणारं जनावर होतं, काहींच्यात शहराला जडलेला विषाणू. जनावर वाचलेल्यांनी पकडा, डांबा असे उपाय जास्त सुचवले. विषाणू वाचलेल्यांचा कल मूळ शोधण्याकडे, शाळा-गरिबीकडे अधिक. तुम्ही कशावरून ठरवलंत असं विचारल्यावर बहुतेकांनी आकड्यांकडे बोट दाखवलं! पुढे दुसऱ्यांनी असे प्रयोग केले तेव्हा परिणाम इतका ठळक दिसला नाही, हेही तिनेच सांगितलं. मला मात्र नवल वाटलं नाही. माझ्या टेबलासमोर हेच चालायचं.

तुमच्या पत्रातलेच शब्द बघा. 'तुकडा'. दोन भावांनी तीन-तीन एकर घेतले की त्याला वाटणी म्हणतात. बहिणीने दोन घेतले की घराचा तुकडा. आता 'माहेर हवंय की' घ्या. माहेर तुटतं असं आपण म्हणतो, म्हणजे तो दोरा झाला, आणि तोही जुना, जरा ताणला की तुटणारा. मग बाई जन्मभर तो जपून धरते. दुसरं टोक ज्यांच्या हातात आहे त्यांना कुणी 'हळू ओढ' म्हणत नाही.

आणि या सगळ्याच्या तळाशी ते परक्याचं धन. तुमच्या-माझ्या वयाच्या मुली हे ऐकतच मोठ्या झाल्या. मुलगी हीच ठेव, ती सांभाळायची आणि ज्याची त्याला द्यायची. कन्यादानही त्याच हिशेबातलं. आता तुम्हीच सांगा, धनाला कुठे धन मिळतं? तिजोरीतल्या पाटलीने उठून घरात वाटा मागितल्यासारखं ते ऐकणाऱ्याला वाटतं. त्याला वाटतं तोवर ठीक. गंमत अशी की पाटलीलाही तसंच वाटतं, म्हणून 'मी लोभी आहे का' हा प्रश्न तुम्ही मला विचारताय. भावांना चार एकर मिळताहेत, त्यांनी असं पत्र पाठवल्याचं मला आठवत नाही.

मी शहाणी होते असं समजू नका. १९९७ साली वडील गेले. त्यांच्या हिश्श्यात जुन्या कायद्यानेही माझा वाटा होता, आणि मी रोज हेच दस्त हाताळत होते. भावाने कागद आणला, मी उभ्या उभ्या सही केली. साडी मोरपंखी होती. माझं माहेर तुटलं नाही, दर हिवाळ्यात हुरडा येतो. सही केली नसती तर आला असता का, ते मात्र आता कधीच कळणार नाही. इतक्या वर्षांत मनाला टोचतं ते एवढंच.

तेव्हा घरी एका कागदावर हे वाक्य तुमच्या हाताने लिहा : 'माझे डाळिंबाचे दोन एकर मी दोन्ही भावांना देऊ का?' पुढे गावातला आजचा भाव मांडा. सोड, माहेर, तुकडा हे शब्द त्यात नकोत. आठ दिवस ठेवा, रोज वाचा. तरीही द्यावंसं वाटलं तर खुशाल द्या. देणं ही काही चूक नव्हे, फक्त भावांना कळू दे की ताईने दिलंय. आणि कर्जाचं काय ते बँकेतच जाऊन विचारा. बँकेला तुमची संमती चालते का, की हक्कसोडच लागतं, हे भावाकडून नाही, मॅनेजरकडून ऐका. सहकर्जदार म्हणून मात्र वाचल्याशिवाय सही नको. नोंदवलेलं हक्कसोड मागे घ्यायचं तर कोर्टाची पायरी चढावी लागते. डोकं दुखलं ते बरंच झालं.

प्रश्न : मी २८ वर्षांचा, नाशिकला नोकरी. १४ हजार भाडं देतो. बाबा निवृत्त शिक्षक. ते रोज म्हणतात, "भाडं म्हणजे पाण्यात गेलेले पैसे, फ्लॅट घे." ४० लाखांचं कर्ज काढावं लागेल, साडेआठ टक्क्यांनी, २० वर्षांसाठी. घेऊ का?

उत्तर : दस्त करून देणारी बाई मी, फ्लॅट घे म्हणणं माझ्या सवयीचं. पण बाबांच्या पाण्याचं बघू. या कर्जाचा हप्ता साधारण ३४,७०० रुपये. पहिल्या हप्त्यातले सुमारे २८,३०० व्याजाचे, मुद्दल फिटतं जेमतेम ६,४००. ते २८ हजार कुठल्या पाण्यात गेले म्हणायचे? तुझ्या १४ हजारांना पाणी म्हटलं की त्यांना पाणी म्हणायचं कुणाला सुचत नाही. भाडं वाढत जाईल, घराची किंमतही वाढेल कदाचित. ते सगळं हिशेबात धर आणि मग ठरव, घेऊ नकोस असं मी म्हणत नाही. बाबांशी वाद घालू नकोस. बँकेतून हप्त्यांचा तक्ता छापून आण आणि पहिल्या वर्षाच्या व्याजाची बेरीज त्यांनाच करायला दे. निवृत्त माणसांना बेरजा आवडतात, स्वतःवरून सांगते.