दुकानात नवीन क्राफ्ट बिअर आली की आधी काय घ्यावं?

क्राफ्ट बिअरची, म्हणजे छोट्या ब्रुअरीत बनणाऱ्या बिअरची, पुण्यात सुरुवात करताय, हे बरंच आहे. डूलाली ही मायक्रोब्रुअरी २००९ मध्ये इथेच सुरू झाली, त्यामुळे चांगली बिअर शोधायला लांब जावं लागत नाही.

नवख्यांची नेहमीची चूक म्हणजे फ्रीजमधला सगळ्यात कडू आयपीए (इंडिया पेल एल, भरपूर हॉप्सची कडवट बिअर) उचलायचा आणि मग "क्राफ्ट आपल्याला झेपत नाही" म्हणायचं. आधी विटबिअर घ्या. गव्हाची असते, त्यात संत्र्याची साल आणि धणे असतात. पहिल्याच घोटाला पटते. मग पेल एल (आयपीएपेक्षा कमी कडवट), मग आयपीए. स्टाउट (गडद काळी बिअर) शेवटी, कारण भाजलेल्या माल्टची (मोड आणून वाळवलेल्या धान्याची) चव जिभेवर बसली की पुढची हलकी बिअर पाण्यासारखी लागते. टेस्टिंगलाही हाच क्रम मागा. थोडी थोडीच घ्या, मध्ये पाणी प्या. मसाला शेंगदाणे नंतर!

विकत घेताना:
- कॅनवरची तारीख वाचा. आयपीए जुना झाला की हॉप्सचा (बिअरला कडवटपणा आणि वास देणाऱ्या फुलांचा) वास आधी जातो. "नवीन आलंय" म्हणजे दुकानात नवीन, ताजं असेलच असं नाही.
- एप्रिल-मेमध्ये उघड्या रॅकवरची बाटली नको, फ्रीजमधलीच मागा. हिरव्या किंवा पारदर्शक काचेला उजेड लागला तर बिअरला उग्र वास येतो.
- अल्कोहोलचं प्रमाण बघा. ४.५ आणि ८ टक्के यांत फार फरक आहे.

ग्लासचे प्रकार, यीस्ट वगैरे आत्ता सोडून द्या. घरी मात्र ग्लासात ओतूनच प्या, कॅनमधून निम्मा वास कळतच नाही. आणि टेस्टिंगला जाताना गाडी घरीच ठेवा, रिक्षा करा.