पाळी आणि पळणं
अगं, पाळीच्या आदल्या आठवड्यात नेहमीचाच वेग जड गेला म्हणून खचू नकोस. बीजोत्सर्जनानंतर, म्हणजे अंडाशयातून बीज बाहेर पडल्यावर, प्रोजेस्टेरॉन या संप्रेरकामुळे अंगाचं तापमान साधारण 0.3 ते 0.5 अंश सेल्सिअसने चढतं, दमट हवेत ते जाणवतं. तेव्हा घड्याळ न बघता दमाच्या अंदाजाने पळ. प्रत्येकीचं वेगळं असतं, म्हणून तारखा वहीत लिहीत जा. पाळीत पळायला हरकत नाही. पोटात कळा येत असतील तर नुसतं चाल.

रक्तस्राव जास्त होत असेल तर हिमोग्लोबिनबरोबर फेरिटिनही (त्यावरून अंगातला लोहाचा साठा कळतो) तपासून घे. हिमोग्लोबिन 12 च्या वर असूनही लोहाचा साठा रिकामा असू शकतो, आणि चढावर पाय उचलत नाहीत ते कधीकधी त्यामुळेही.

आणि हो, सराव वाढवल्यावर 3 महिने पाळीच आली नाही, तर ‘बरं झालं, कटकट गेली’ म्हणू नकोस. पुष्कळदा खाणं कमी पडत असतं, आणि त्यात हाडं ठिसूळ होतात. डॉक्टरांना दाखव.