मटार फ्रीझ करताना घाई कुठे करायची आणि कुठे नाही

तुमच्याकडे पहिल्यांदाच एवढा मटार आला असेल, तर एक गोष्ट मनावर घ्या: तोडलेल्या दिवशीच सोला. शेंग वेलीवरून उतरली की दाण्यातली साखर पिठूळ व्हायला लागते. दोन दिवस टोपलीत राहिलेला मटार फ्रीझरमध्ये गोड होत नाही.

कच्चेच दाणे पिशवीत भरू नका, सगळे इथेच फसतात. थंडीत दाण्यातले एन्झाइम, म्हणजे त्याचा रंग-चव बदलवणारी द्रव्यं, मंदावतात, पण थांबत नाहीत. काही महिन्यांत रंग मळकट होतो, गवतासारखा वास येतो. म्हणून मोठ्या पातेल्यात पाणी खळखळून उकळा, एका वेळी ओंजळभरच दाणे टाका, दीड ते दोन मिनिटांत चाळणीने काढून थेट बर्फाच्या पाण्यात. दाणा हिरवागार, टपोरा दिसतो. फरसबीला तीन मिनिटं लागतात.

मग सुती पंच्यावर अगदी कोरडे करा. मला यालाच सर्वात जास्त वेळ लागतो आणि तो मी देतेच, कारण ओले दाणे गोठले की वीट होते, उसळीपुरते मूठभर निघत नाहीत. ताटात एकेरी थर गोठवा, नंतर हवा काढून लहान पिशव्यांत भरा, तारीख लिहा.

टोमॅटो तर धुऊन, पुसून अख्खेच ठेवा. गोठलेले टोमॅटो नळाखाली धरले की साल सुटते. काकडीच्या वाटेला जाऊ नका, पार लिबलिबीत होते.

वीज गेली तर दार उघडून बघू नका. गच्च भरलेला फ्रीझर बंद राहिला तर साधारण ४८ तास तग धरतो.