जास्त भाव सांगणाऱ्या एजंटकडे फ्लॅट द्यावा का?

ताई,

कोथरूडमधला तिसऱ्या मजल्यावरचा, लिफ्ट नसलेला टू बीएचके विकून तुम्हाला लेकीजवळ बावधनला लहान फ्लॅट घ्यायचा आहे. यजमानांनी तो १९९४ साली घेतला, ते चार वर्षांपूर्वी गेले. एक एजंट म्हणतो, १ कोटी १० लाख सहज येतील. दलाली २ टक्के, सहा महिने दुसऱ्या कुणाला सांगायचं नाही, आणि बावधनच्या नव्या प्रोजेक्टमधला फ्लॅट बिनदलालीचा मिळवून देईन. दुसरा म्हणतो, ९५ लाखांच्या आसपास. दलाली १ टक्का. तुमचा कल पहिल्याकडे आहे, कारण १५ लाखांपुढे दलालीतला फरक किरकोळ वाटतो.

मी दुसऱ्याकडे जा असं सांगेन, आणि ते १ टक्का वाचावा म्हणून नाही.

१ कोटी १० लाख कुणी गिऱ्हाइकाने देऊ केलेले नाहीत, ते एजंटच्या तोंडचे आहेत. त्याच्या जागी बसून हिशोब करा. फ्लॅट ९५ लाखांऐवजी १ कोटीला गेला तर तुम्हाला ५ लाख जास्त मिळतात, त्याला १० हजार. तेवढ्यासाठी तो तीन महिने जास्त कशाला खपेल? त्यामुळे आधी मोठा आकडा सांगून फ्लॅट हातात घ्यायचा आणि दोन महिन्यांनी ‘मार्केट थंड आहे, ९० ला देऊन टाका’ म्हणायचं, हे मी अनेक घरांत पाहिलं आहे. तोवर सहा महिन्यांच्या कबुलीने घरमालक बांधलेला असतो.

दोघांनाही एकच गोष्ट मागा: तुमच्याच भागातल्या, तेवढ्याच जुन्या, बिनलिफ्टच्या तीन फ्लॅटचे गेल्या वर्षभरातले इंडेक्स टू, म्हणजे नोंदलेल्या खरेदीखताचे सरकारी उतारे. व्यवहार किती रकमेला नोंदला गेला ते त्यावर असतं. नोंदणी व मुद्रांक विभागाच्या वेबसाइटवर लेकीलाही ते शोधता येतील. जो कागद दाखवेल त्याचाच आकडा धरा.

नव्या फ्लॅटची ‘माफ’ दलाली ही भेट समजू नका. नव्या प्रोजेक्टमध्ये एजंटला बहुतेक वेळा बिल्डरच पैसे देतो, म्हणजे तो बिल्डरचा माणूस म्हणून तुमच्यासमोर बसलेला असतो. शिवाय असे फ्लॅट विकायला एजंटची महारेरात, म्हणजे गृहप्रकल्पांवर लक्ष ठेवणाऱ्या राज्याच्या प्राधिकरणाकडे, नोंदणी लागते. नंबर मागा आणि महारेराच्या साइटवर ताडून बघा. जुन्या सोसायटीतल्या रीसेलला हे संरक्षण तसं मिळत नाही, म्हणून तिथे सगळं लेखी हवं.

आता पत्रातली जी गोष्ट तुम्ही जाता जाता लिहिलीत, ती माझ्या दृष्टीने सगळ्यात मोलाची. पहिल्याने बाल्कनीचे फोटो काढले आणि चहा घेऊन गेला. दुसऱ्याने शेअर सर्टिफिकेट, म्हणजे सोसायटीच्या सभासदत्वाचा दाखला, मागितलं, त्यावर अजून यजमानांचंच नाव आहे हे पाहिलं आणि म्हणाला, ‘काकू, आधी हे करून घ्या.’ तुम्हाला तो उगाच खोट काढतोय असं वाटलं. अहो, त्याने तुमचे कितीतरी महिने वाचवले! नॉमिनी म्हणून सोसायटीत तुमचं नाव लागलं तरी तेवढ्याने तुम्ही एकट्या मालक होत नाही. यजमानांनी मृत्युपत्र केलेलं नाही असं तुम्ही लिहिता, म्हणजे मुलगा आणि मुलगी दोघेही वारस. गिऱ्हाईक कर्ज घेणार असेल तर त्याची बँक हेच पहिल्यांदा विचारेल, आणि टोकन घेऊन बसलेल्या तुम्ही अडकाल. मुलगा मेलबर्नला असतो. त्याचा हिस्सा तसाच ठेवून विक्री केली तर त्याच्या वाट्यावर अनिवासी म्हणून जास्त टीडीएस (पैसे देतानाच कापला जाणारा कर) कापला जाईल, हे वेगळंच.

दुसऱ्या एजंटशी ठरवताना मुदत तीन महिने ठेवा. दलाली टोकनच्या दिवशी नाही, खरेदीखत नोंदल्यावर द्यायची, बँकेतून आणि पावती घेऊन. ही दलाली भांडवली नफ्यातून, म्हणजे विक्रीतल्या ज्या नफ्यावर कर लागतो त्यातून, वजा होते, त्यामुळे पावती जपा. ९५ लाखांवर १ टक्का म्हणजे ९५ हजार. तो जीएसटी लावत असेल तर १८ टक्के वर, एकूण १ लाख १२ हजार १००. कुणी ‘तुम्हाला नेट ९० देतो, वरचे माझे’ म्हणालं तर तिथेच थांबवा. खतावरची पूर्ण रक्कम कराच्या हिशोबात तुमच्या नावावर पडते.

कराचं काम सीएकडे द्या. फ्लॅट २००१ च्या आधीचा असल्याने नफा काढताना खरेदी किमतीऐवजी १ एप्रिल २००१ चं मूल्य धरता येतं, त्यासाठी नोंदणीकृत व्हॅल्युअरचा अहवाल घ्या. बावधनची घाई नको. या नफ्यावरच्या करात सूट मिळवण्यासाठी विक्रीनंतर तयार घर घ्यायला दोन वर्षं मिळतात.

मुलगा दिवाळीत येतोय ना? तो आला की दोन्ही मुलांचं हक्कसोडपत्र, म्हणजे आपला हिस्सा तुमच्या नावे सोडल्याचा दस्त, सब-रजिस्ट्रारकडे नोंदवून घ्या, मग शेअर सर्टिफिकेटवर नाव लावा. फ्लॅटची जाहिरात त्यानंतर.