कॉलेजच्या क्विझमध्ये नेहमी तेच संघ जिंकतात. आम्ही हौशींनी जावं की नाही?

इंजिनीअरिंगची चार वर्षं मी पुण्यातल्या क्विझ खेळण्यात घालवली, त्यामुळे हा वैताग ओळखीचा आहे. ३० प्रश्नांची लेखी प्रिलिम्स, हॉल गच्च भरलेला, आणि फायनलला मागच्या महिन्यातलेच सहा संघ. मला वाटायचं, ही मंडळी ज्ञानकोश पाठ करून येतात. पुढे त्यांच्यात जाऊन बसलो तेव्हा कळलं, पाठांतर थोडंच, सराव जास्त.

उदाहरणार्थ हा प्रश्न: 'ग्लॉस्टरशायरमधल्या एका ड्यूकच्या वाड्यावरून आजचं नाव पडलेला हा खेळ त्याआधी आपल्याच एका शहराच्या नावानं ओळखला जाई. कोणता?' मुरलेला भिडू 'ड्यूक' ऐकताच चिठ्ठीवर बॅडमिंटन लिहून मोकळा होतो, कारण हा प्रश्न त्यानं चार वेळा ऐकलेला असतो. हौशी संघ मात्र गोरे साहेब, छावणी, पुणे, 'पूना' असं चाचपडत तिथेच पोहोचतो, जरा उशिरा. खरी मजा त्यालाच आली, असं माझं मत. पण तोवर पाउन्स (चिठ्ठी द्यायची संधी) बंद झालेला असतो.

खरी गोम त्या पाउन्समध्येच आहे. पाळी नसताना चिठ्ठी द्यायची. बरोबर आलं तर १०, चुकलं तर बहुतेक ठिकाणी उणे ५. हौशी संघ त्या उणे पाचाला घाबरून बसून राहतात आणि बाउन्स होत, म्हणजे उत्तर न आल्यानं एका संघाकडून पुढच्याकडे सरकत, प्रश्न त्यांच्यापर्यंत येतच नाही. अरे, तुम्ही शून्यावर आहात, जाणार काय आहे? सगळ्यात जास्त चिठ्ठ्या तुम्ही द्यायला हव्यात.

मुरलेल्यांनाही आंधळ्या जागा असतात. एका फायनलला पडद्यावर लोखंडी पट्टी आली, तिच्यावर 'सी-२२'. मी आणि माझा जोडीदार बुद्धिबळाचा पट, विमानाचं मॉडेल असं काहीबाही कुजबुजत होतो. तिसरा गडी निव्वळ सोबतीला आलेला, तिसऱ्या मजल्यावर भाड्यानं राहणारा. तो म्हणाला, "सिलिंडर आहे रे. मीच चढवतो ना दर वेळी!" सी म्हणजे जुलै ते सप्टेंबर, २२ म्हणजे साल, तेव्हा टाकीची पुढची तपासणी. बाकी पाचही संघ गप्प.

तेव्हा जा, आणि तिघंही एकाच शाखेचे, एकाच आवडीचे असू नका. मुरलेल्यांची फक्त एक सवय उचलू नका: अर्ध्या उत्तराचे गुण मिळावेत म्हणून क्विझमास्टरशी दहा मिनिटं हुज्जत घालायची. सगळा हॉल जांभया देतो.

आणि हो, प्रिलिम्सला चांदणी असलेले प्रश्न कोरे सोडू नका. तिथे सहसा उणे गुण नसतात, आणि बरोबरी झाली की फायनलला कोण जाणार हे त्या चांदण्यांवरच ठरतं. आम्ही दोनदा तिथेच गळलो.