चार वर्षांची मुलगी, पण इयत्ता कुठली?

प्रश्न : ताई, माझी मुलगी चार वर्षांची आहे, तिला घरीच शिकवतेय. गोष्टी स्वतः वाचते, वीसपर्यंतच्या बेरजा तोंडी करते. पण पेन्सिल दोन मिनिटांत टाकून देते. बालवर्गाचा अभ्यास-संच घेऊ की थेट पहिलीचा?

उत्तर : अख्खा संच एकाच इयत्तेचा हवा, असं कुणी सांगितलं? विषयागणिक खुशाल वेगळी इयत्ता घ्या.

पान वाचून झालं की पुस्तक मिटा आणि विचारा, "तो का रडला गं?" सांगता आलं तर पहिलीचं वाचन द्या. नुसतीच धडाधड वाचत असेल, तर सध्या तुम्हीच वाचून दाखवा, गप्पा मारा.

गणितासाठी सात मणी जवळजवळ मांडा, तिला मोजू द्या, मग तिच्यासमोरच लांब पसरा. "आता किती?" जास्त झाले म्हणाली, तर घाबरू नका, या वयात मुलं असंच म्हणतात, हे बालमानसशास्त्रज्ञ जाँ पियाजे यांनी केव्हाच दाखवलंय. मात्र मग बेरजा पाठ झाल्यात, संख्या मुरायची आहे असं समजा आणि वस्तू हाताळायला लावणारं बालवर्गाचंच गणित घ्या.

पेन्सिलीचा हट्ट आत्ता नको. माती मळू दे, कात्री चालवू दे, मणी ओवू दे. पहिलीच्या वह्यांत लिहायचं फार असतं (मोठ्यांनाही कंटाळा येईल इतकं!), म्हणून उत्तरं तिनं सांगावीत, तुम्ही लिहावीत. आणि वर्षभराचं सामान एकदम घेऊ नका; आधी नमुना पानं मागवून आठवडाभर करून बघा.