भेट म्हणून अष्टविनायक

प्रश्न : आई-बाबांच्या लग्नाला मार्गशीर्षात 50 वर्षं होतील. साडी, दागिना काहीच नको म्हणतात. 'अष्टविनायक तेवढे राहिले' असं आई एकदा बोलली. तिचे गुडघे दुखतात, बाबांना रक्तदाबाच्या गोळ्या चालू आहेत. दोन दिवसांच्या बसयात्रेत त्यांची नावं नोंदवू का? – एक वाचक, पुणे

उत्तर : नका नोंदवू. दोन दिवसांत आठ ठिकाणं म्हणजे पहाटे निघायचं, रात्री उशिरा टेकायचं आणि मध्ये बसची चढउतार. घरी आल्यावर आठवड्याभराची गुडघेदुखी ठरलेली.

तुम्ही पुण्यात आहात, तेव्हा यात्रेचे तीन तुकडे करा. एका दिवशी मोरगाव-सिद्धटेक. पंधरा दिवसांनी पाली-महड. तिसरी फेरी मुक्कामाची : दुपारी थेऊर करून रात्री ओझर, पहाटे लेण्याद्री, परतताना ओझरचं दर्शन आणि शेवटी रांजणगाव. गंमत म्हणजे परंपरेतला क्रमही हाच आहे. आई काटेकोर असतील तर शेवटी पुन्हा मोरगाव करावं लागेल. पुण्याहून ते 65 किलोमीटरच्या आसपास, सकाळी निघून दुपारी घरी येता येतं. हे त्यांनाच आधी विचारा. सरप्राइजच्या नादात क्रम चुकला तर आईच्या मनाला लागून राहील.

खरी अडचण लेण्याद्रीची. आठांपैकी डोंगरावर असलेला हा एकच गणपती, पायऱ्या तीनशेच्या घरात. पायथ्याशी डोलीवाले असतात. दर निघण्याआधीच ठरवा, जाऊन-येऊन धरून. गुडघ्यांना चढण्यापेक्षा उतरणं जड जातं, म्हणून 'येताना चालेन' हे ऐकू नका. ऊन चढायच्या आत वर पोचा. माकडं हातातली पिशवी ओढतात, तेव्हा प्रसाद आणि गोळ्या बंद सॅकमध्ये.

खोली तळमजल्यावरची किंवा लिफ्टची घ्या आणि कमोड आहे का ते फोनवर विचारून घ्या. 'सगळ्या सोयी आहेत' या उत्तरावर विसंबू नका, बाथरूमचा फोटो मागवा. गाडी उंच असेल तर पाय ठेवायला एक बुटका पाट डिकीत टाका.

आणखी एक, ज्याकडे मुलांचं हमखास दुर्लक्ष होतं. वाटेत स्वच्छतागृह मिळेल की नाही या धास्तीनं ही माणसं पाणीच पीत नाहीत, मग रांगेत चक्कर येते. बाबांच्या गोळ्यांत लघवी वाढवणारी गोळी असेल तर प्रवासाच्या दिवशी ती कधी घ्यायची हे डॉक्टरांना विचारा. स्वतःच्या मनानं बंद करू नका. दर दीड तासाला गाडी थांबवा, त्यांनी सांगण्याची वाट न बघता.

चतुर्थी आणि शनिवार-रविवार टाळा. वाढदिवसाची तारीखच गाठायची हा हट्टही नको. त्या दिवशी घरी पुरणपोळी करा आणि मंगळवार-बुधवार बघून निघा. मंगळवारी संकष्टी नाही ना, तेवढं कॅलेंडरात पाहून घ्या. अंगारकीची रांग तुम्हालाही झेपणार नाही.